पोर मुंबईला धाडण्याआधी

शेतकरी बंधूंनो, आठवीनंतर पोराला शिकायला घाटकोपर-मुलुंडला काकाकडं धाडायचा विचार आहे? आधी हिशेब मांडा. तिथं जागा अपुरी, म्हणून पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळपाळीचं पोर सातला वर्गात, संध्याकाळी क्लासला. अभ्यास मात्र चाळीतल्या एका खोलीत. राज्य मंडळाची दहावीची पुस्तकं नि प्रश्नपत्रिका तिथं-इथं एकच. मग फरक कुठं? तिथं एक बस चुकली तर दुसरी मिळते. आपल्याकडं एसटी चुकली की दिवस बुडाला. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच वेळेवर नसेल तर पास काय कामाचा? सरपंच नि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शाळेच्या वेळेला गाडी मिळावी, असा ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकांकडं द्यावा.