दरोड्याची गोष्ट आणि दरोड्याचा कागद

आमचे चांदवड मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. मालेगावच्या बाजूला राहूडचा घाट आणि रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ. अशा ठिकाणी लुटालुटीच्या गोष्टींची वानवा कधीच नव्हती. पूर्वी जुनी माणसे घाटातल्या वाटमाऱ्यांच्या हकिगती शेकोटीजवळ सांगत. आता त्याच धाटणीच्या हकिगती मोबाईलवर फिरतात. पूर्वी गोष्ट चार घरांत पसरायला रात्र जायची, आता चार तालुके ओलांडायला पाच मिनिटे पुरतात, एवढाच फरक.

वाचक बंधू-भगिनींनो, गुन्हे घडत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. कांद्याचे पैसे घरात आले की शेतकऱ्याची झोप उडते. मळ्यातल्या एकट्या घरात राहणाऱ्या माय-बहिणीला रात्री कुत्रे भुंकले तरी धडकी भरते. ती भीती खरी आहे. आमचे म्हणणे भीतीबद्दल नाही, त्या भीतीची जी गोष्ट बनते तिच्याबद्दल आहे. सकाळी चोर दोन असतात, दुपारी चहाच्या टपरीवर ते पाच होतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांची जातही ठरलेली असते! जात कोणी पाहिली, कशी पाहिली, हे मात्र कोणी विचारत नाही.

आम्ही पडलो कारकून माणसे. कागदावर शब्द जपून लिहायची सवय. म्हणून आधी शब्दांचेच पाहू. कडी तोडून घरातून माल नेला तर ती घरफोडी. मारहाण करून किंवा धाक दाखवून नेला तर ती जबरी चोरी. पाच किंवा त्याहून अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर तो दरोडा. जुन्या भारतीय दंड संहितेत दरोड्याची व्याख्या ३९१ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जबरी चोरीचे कलम ३०९ आणि दरोड्याचे ३१०. आपल्या बोलण्यात मात्र सगळाच ‘दरोडा’. दरोड्याची तयारी करणे हाही वेगळा गुन्हा आहे. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ हा मथळा आपण किती वेळा वाचला असेल! मिरचीपूड, दोरी, कोयता, कटावणी ही यादीही पाठ झाली आहे. त्या बातमीतल्या माणसांचे पुढे न्यायालयात काय झाले, हे कितीदा वाचले? पकडल्याची बातमी मोठ्या अक्षरांत येते, सुटल्याची बहुधा येतच नाही.

याचे सर्वांत जळजळीत उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ शेतातल्या एका झोपडीत दरोडा पडला. एकाच ठिकाणी पाच माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातली आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. ऐकणाऱ्याचे रक्त उसळावे असाच तो प्रकार होता. पुढे भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. गोष्ट पूर्ण झाली, लोकांचे समाधान झाले.

पण कागदपत्रांत एक नोंद पडून होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, त्या वाचलेल्या आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि तिने त्यातले चार जण ओळखले होते. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते! त्या चौघांचा तपास पुढे झालाच नाही. खटल्यात मात्र याच सहा जणांकडे बोट दाखवले गेले. अखेर फेरविचार अर्जावर ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि त्या चौघांचा तपास करावा, असा आदेश दिला. आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब आहेत, त्यांना खोटे गुंतवल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. तोवर सोळा वर्षे गेली होती. त्या सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

इथे थोडे थांबून विचार करावा. या प्रकरणात फक्त त्या सहा जणांवर अन्याय झाला काय? नाही. ज्या आईचे घर उजाड झाले, तिच्यावरही झाला. तिने पहिल्यांदा जे सांगितले ते बाजूला पडले आणि सोळा वर्षांनी खरे गुन्हेगार कोण हा प्रश्न पुन्हा होता तिथेच आला. चुकीचा माणूस आत गेला की खरा दरोडेखोर निर्धास्त होतो. म्हणून आरोपीच्या हक्काची बाजू घेणारा पीडिताच्या विरोधात असतो, हा समज साफ चुकीचा आहे.

मग बोट नेमके पालातल्या माणसाकडेच का वळते? त्याचे मूळ जुने आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरवली. पुढे हजेरी आली, परवाने आले, सोलापुरासारख्या ठिकाणी कुंपणाची वसाहत आली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य आणि आदिवासींच्या जोडीने या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचाही उल्लेख केला आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. आपल्या राज्याच्या यादीत आज चौदा विमुक्त जाती आहेत. कायद्याने शिक्का पुसला, पण लोकांच्या तोंडच्या गोष्टीतून तो पुसला गेला नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे काय असते, हे ज्या समाजाने भोगले त्याने तरी ही गोष्ट पुढे सांगू नये.

गोष्टीने माणूस मरतो, हेही आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागून पोट भरणारे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारले गेले. त्याच दिवशी आपल्या शेजारच्या मालेगावातही तीच अफवा उठली होती. तिथे पोलीस मध्ये पडले म्हणून माणसे वाचली. अफवा तीच, दिवस तोच, फरक पडला तो मध्ये उभे राहणाऱ्यांमुळे.

तेव्हा आपल्या घरातून काय करता येईल? गुन्हा घडला तर ११२ क्रमांकावर कळवावे. फिर्याद देताना पाहिले ते ‘पाहिले’ आणि ऐकले ते ‘ऐकले’ असे वेगळे लिहून घ्यावे. अंदाजाने कोणाचे नाव घालू नये. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. पहिल्या दिवशीचा कागद किती मोलाचा असतो, हे वर पाहिलेच. गस्तीवर जाणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे की संशयिताला धरले तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचे, हात उचलायचा नाही. पाच जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर आता कलम १०३ (२) खाली प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते.

आणि महिला मंडळातल्या भगिनींना विशेष विनंती. ‘रडू नको, पालवाले धरून नेतील’ असे सांगून लेकराला झोपवू नये. त्याच पालातले एखादे लेकरू उद्या त्याच्या शेजारी शाळेच्या बाकावर बसणार आहे. बसायलाच हवे.