मंच कुणाचा, भाषा कुणाची

पावसाळा लागला की महाविद्यालयांप्रमाणे विद्यापीठांच्या नाट्यविभागांचाही नवा हंगाम सुरू होतो. नवी मुले येतात, संहिता वाचल्या जातात, कोणते नाटक कोणत्या जागेत बसवायचे यावर शिक्षकांची खलबते चालतात. पुण्याचे ललित कला केंद्र १९८७ पासूनचे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी २००३ ची. मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यविभाग त्याहून जुना, आणि नांदेडच्या विद्यापीठातही आता ही सोय आहे. ही नावे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतात. पण देगलूर-बिलोलीकडच्या मुलांना दोनशे किलोमीटरच्या आसपास आणखी एक विभाग आहे, हे सांगितले की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. तो विभाग हैदराबाद विद्यापीठाचा.

मागे एका विद्यार्थिनीच्या आईने मला स्पष्टच विचारले, "मॅडम, नाटक शिकायला हैदराबादला कायला पाठवायचं? मुलूख तेलुगू, आमची पोरगी मराठी. तिथं तिचं कोण ऐकणार?"

प्रश्न बिनतोड होता. मंच कुणाचा आणि त्यावर भाषा कुणाची, हा हैदराबादेतला फार जुना प्रश्न आहे, आणि त्यात आपण मराठी माणसे नेहमीच ऐकून घेणाऱ्यांच्या बाजूला नव्हतो.

आधी एक सुखाची गोष्ट. १८८० साली, म्हणजे ज्या वर्षी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले त्याच वर्षी, धारवाडकडची एक नाटक मंडळी आंध्रात राजमहेंद्रीला गेली. मराठी नाटक मंडळ्यांच्या वळणाची ही मंडळी. खेळ झाले, मंडळी पुढच्या गावाला निघून गेली, मांडव तेवढा मागे राहिला. त्या रिकाम्या मांडवात कंदुकूरी वीरेशलिंगम या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेलुगू नाटके केली. आधुनिक तेलुगू रंगभूमीची सुरुवात तेलुगू अभ्यासक तिथून सांगतात. एक मास्तर, त्याची मुले आणि दुसऱ्याने सोडून दिलेली जागा. महाविद्यालयीन रंगभूमीचे याहून नेटके चित्र माझ्या वाचनात नाही.

दुसरी गोष्ट तितकी सुखाची नाही. हैदराबादेतली विवेकवर्धिनी ही आपल्या अभिमानाची संस्था. निजामी राजवटीत मराठी शिक्षणाचा दिवा तिने लावून धरला. तिच्या नाट्यगृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये समाजसुधारणेची एक परिषद भरली होती. अध्यक्ष साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे. आलमपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि मराठी श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्या अपमानातून तेलुगू मंडळींनी आंध्र जनसंघ स्थापन केला. पुढे त्याचीच आंध्र महासभा झाली. तेलंगणाच्या शाळेतल्या मुलांना हा प्रसंग पाठ असतो. आपल्याकडे तो फारसा कुणी सांगत नाही. का सांगत नाही, ते उघड आहे.

हैदराबाद विद्यापीठाचा जन्मही अशाच प्रादेशिक मानापमानातून झाला. १९६९ चे तेलंगण आंदोलन, मग १९७२ चे आंध्राचे आंदोलन, आणि त्यावर तोडगा म्हणून १९७३ चे सहा कलमी सूत्र. त्यातले एक कलम हैदराबादेत केंद्रीय विद्यापीठ काढण्याचे होते. १९७४ साली विद्यापीठ निघाले, पण त्याला स्वतःचे छप्पर नव्हते. पद्मजा नायडूंनी आईचे, म्हणजे सरोजिनी नायडूंचे, आबिड्स-नामपल्लीचे घर दिले. 'गोल्डन थ्रेशोल्ड' हे त्या घराचे नाव, आणि १९०५ साली निघालेल्या सरोजिनीबाईंच्या कवितासंग्रहाचेही. सोन्याचा उंबरठा! बंगाली बाप, तेलुगू नवरा, उर्दू शहर आणि कविता इंग्रजीत, अशा बाईचे ते घर. विद्यापीठ यथावकाश गच्चीबावलीच्या दोन हजारांहून अधिक एकरांत गेले. १९८८ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नावाने कलाशाखा निघाली, नाट्यविभाग तिचाच भाग, आणि तिची पहिली वर्षे या जुन्या घरातच गेली.

भर शहरातले घर, नामपल्ली स्टेशनपासून चालत जाता येईल असे. तालीम चालू असताना रस्त्यावरचा माणूस आत डोकावू शकतो, ही नाट्यविभागाला मिळालेली केवढी मोठी देणगी! पुढे कलाशाखाही गच्चीबावलीला हलली. तिथे मोकळी जागा आहे, खडक आहेत, झाडी आहे. पण जुन्या शहरातला प्रेक्षक वीसेक किलोमीटर दूर गेला. मग २०१० नंतरच्या दशकात सर रतन टाटा ट्रस्टच्या साहाय्याने विभागाने 'थिएटर आउटरीच युनिट' नावाचा उपक्रम जुन्या घरात सुरू केला. तेलुगू नाटक गावोगावी आणि महाविद्यालयांत न्यायचे, हा त्याचा हेतू. विभागाला पुन्हा शहराच्या उंबरठ्यावर यावेसे वाटले, हेच मला महत्त्वाचे वाटते.

नाट्यशिक्षणाला नवी जागा हवी म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर मखमली पडदा आणि हजार खुर्च्या येतात. शिकणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग कमीच. त्यांना लागते काळ्या भिंतींची, उंच छताची एक खोली. वर दिवे टांगायला लोखंडी जाळी, खाली पाय घसरणार नाही आणि उडी मारली तर गुडघा फुटणार नाही अशी जमीन, खुर्च्या हलवता येतील अशा. आज प्रेक्षक तिन्ही बाजूंनी, उद्या समोरासमोर. शंभर माणसे बसली तरी पुष्कळ. अशा खोलीत कुजबुज शेवटच्या माणसापर्यंत पोचते, आणि खोटा अभिनयही लगेच पोचतो! पुण्याच्या ललित कला केंद्राने आपल्या अंगणाचाच 'अंगणमंच' केला. आपल्या महाविद्यालयांत मात्र हॉल बांधतानाच भाषणाचा विचार करतात. व्यासपीठ चार फूट उंच, मागे पक्की भिंत, विंगा नाहीत, आणि बोलले की घुमते. युवक महोत्सवाआधी पंधरा दिवस मुले त्यात तालमी करतात, स्पर्धा होते, ढाल कपाटात जाते. बाराही महिने चालणारा हंगाम म्हणजे काय, हे त्यांना कळतच नाही.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादला दोन वर्षे नाटक शिकून आला. आमच्याकडे असताना तो युवक महोत्सवात उतरायचा. एका परीक्षकांनी त्याच्या शेऱ्यात लिहिले होते, 'उच्चार अशुद्ध, भाषेवर तेलुगू-उर्दूची छाप.' छाप असणारच! आजी तेलुगू, शेजार दखनी, शाळा मराठी, असे त्याचे गाव. त्या शेऱ्यानंतर पोरगा रंगमंचावर पुण्यासारखे बोलू लागला आणि त्याच्या अभिनयातली सगळी धग गेली.

हैदराबादेत त्याच्या वर्गात मल्याळी होते, ओडिया होते, तेलुगू होते, हिंदी मुलखातलेही होते. कुणाचीच भाषा सर्वांना येत नव्हती. पहिल्याच महिन्यात सरांनी सांगितले, "घरी भांडताना बोलता तसे बोला." तो म्हणाला, "मॅडम, मी देगलूरच्या बाजारात बोलतो तसा बोललो. शब्द कुणालाच कळाले नाहीत, पण सगळे हसायच्या जागी हसले." पुढे नाटक हिंदीत झाले, पण तो आवाज त्याने सोडला नाही. आमच्या परीक्षकांनी दोष म्हणून नोंदवलेली गोष्ट तिथे त्याचे भांडवल ठरली. मी त्या आईला एवढेच सांगितले. पुढचे त्यांचे त्यांनी ठरवावे. नोकरीची हमी मी दिली नाही, ती कुणीच देऊ शकत नाही.

आणि तिथे मराठी माणूस अगदीच परका नाही. भास्कर शेवाळकरांनी त्या विभागात शिकवले आणि शहरात 'रंगधारा' चालवली. विद्यापीठाजवळ लिंगमपल्लीला सुरभी नाटकवाल्यांची वसाहत आहे. हे लोक मूळचे आपल्याकडचे, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत आंध्रात गेलेले. १८८५ मध्ये कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात वनारस गोविंदरावांनी 'कीचकवध' केला आणि घराण्याची नाटक कंपनी उभी राहिली. आकाशातून उतरणारा नारद, रंगमंचावर पडणारा पाऊस, आणि आईच्या कडेवरून थेट भूमिकेत शिरणारी मुले. नव्वदच्या दशकात बी. व्ही. कारंतांनी याच मंडळींना घेऊन ब्रेश्टचे नाटक 'बस्ती देवता यादम्मा' म्हणून तेलुगूत उभे केले. एकीकडे जन्माने मिळालेले शिक्षण, दुसरीकडे प्रवेश परीक्षा देऊन मिळणारे, आणि मध्ये जेमतेम काही किलोमीटर. नाटक शिकायला याहून चांगला शेजार कोणता?

विद्यार्थ्यांचे प्रयोग बहुधा सत्राच्या अखेरीस होतात. शहरवासीयांना गच्चीबावली दूर वाटते, आपल्याला मात्र ती शहराच्या अलीकडेच पडते. संगारेड्डीकडून येणारी गाडी पटनचेरूला सोडावी, लिंगमपल्लीमार्गे विद्यापीठ गाठावे. प्रयोग रात्री संपतो. परतीची गाडी पटनचेरूच्या नाक्यावर हात दाखवला तर थांबते, पण जागा मिळेलच असे नाही. एखादी चादर सोबत असू द्यावी.