बाळाचं जॅकेट आणि ८६ सेंटिमीटर

मैत्रिणींनो, नेहमी आपण या पानावर लोकरीच्या कपड्यांवरचे डाग, नाहीतर पापडाचं पीठ, असंच काहीबाही बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण त्यालाही शिवणाच्या डब्यातला टेप लागणारच आहे.

आमच्या इस्लामपुरात (कागदोपत्री आता ईश्वरपूर, पण जिभेला अजून वळण पडायचंय) शेजारच्या वहिनींचं लहान मुलांच्या कपड्यांचं छोटं दुकान आहे. गेल्या दिवाळीआधी त्यांनी भिशीचे चाळीस हजार रुपये मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे दिले. तिघीचौघींनी मिळून त्याच्यामार्फत परदेशातून थंडीची जॅकेटं मागवली होती. माल न्हावा-शेवा बंदरात उतरला आणि तिथंच अडकला. व्यापाऱ्याचा निरोप आला, "कस्टमनं नंबर बदलला, आणखी पैसे पाठवा."

वहिनी तो कागद घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्ही शाळेत शिकवता, जरा वाचून सांगा. मला गंडवलं तर नाही ना?" भिशीचे पैसे गुंतवल्याचं त्यांनी घरात सांगितलेलं नव्हतं. कणीक तशीच ठेवून मी कागद हातात घेतला.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो. त्यातले पहिले सहा आकडे १९८८ पासून बहुतेक जगात सारखेच चालतात. आपल्याकडे पुढं दोन जोडून आठ होतात. कपड्यांची मुख्य प्रकरणं दोन, ६१ आणि ६२. फासांच्या विणीचे कपडे, म्हणजे स्वेटर, होजिअरी, हे ६१ मध्ये. उभ्या-आडव्या धाग्याचं, आपल्या इचलकरंजीच्या मागावर निघतं तसलं कापड असेल तर ६२. ओळखायला सोपं आहे. भिंगातून बघा, एकात एक अडकलेले फास दिसतील, नाहीतर धाग्यांची चौकट दिसेल.

या दोन्ही प्रकरणांत बाळांच्या कपड्यांना वेगळं घर दिलंय, ६१११ आणि ६२०९. बाळ म्हणजे कोण? इथं वय विचारत नाहीत, उंची विचारतात. ८६ सेंटिमीटरपर्यंतच्या मुलासाठी बेतलेला कपडा तो बाळाचा. साधारण दोन वर्षांचं मूल तेवढं भरतं. आमचा तीन वर्षांचा आहे पण अंगानं बारीक आहे हो, हे तिथं चालत नाही. मूल नव्हे, कपड्याचं माप बघतात.

माप ८६ च्या वर गेलं की मुलाचं का मुलीचं, हा प्रश्न येतो. पुढची डावी बाजू उजवीवर येत असेल तर मुलाचं, उजवी डावीवर येत असेल तर मुलीचं. बेतण्यावरूनच स्पष्ट कळत असेल तर गोष्ट वेगळी. आणि काहीच कळलं नाही तर सरळ मुलींच्या खात्यात! (संशयाचा फायदा मुलींना मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला. आता त्याला फायदा म्हणायचं का, ते निराळं.)

वहिनींच्या कागदावर मापं होती ८०, ८६, ९२ आणि ९८. हे आकडे म्हणजे मुलाची उंचीच, सेंटिमीटरमध्ये. आणि व्यापाऱ्याच्या माणसानं सगळा माल सरसकट ६२०९ मध्ये लिहिलेला! मोठ्या मापांच्या कोट-जॅकेटांच्या काही ओळींत कर टक्केवारीनं किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांतलं जे जास्त ते, असा लागतो. ९२ आणि ९८ ला तीच ओळ लागली होती. स्वस्तातल्या जॅकेटाला हे नगामागचं फार झोंबतं.

म्हणजे गंडवलं नव्हतं, गचाळपणा केला होता. २०११ पासून माल आणणाऱ्यानं स्वतःच नंबर लिहून कर काढायचा असतो, आणि चुकलं तर जबाबदारीही त्याचीच. मी वहिनींना म्हटलं, करातला फरक आपल्या वाट्याचा आहे, तो द्या. पण दंड आणि बंदरातलं भाडं त्यानं सोसावं. फोनवर बरीच घासाघीस झाली, तेव्हा कुठं निम्म्यावर तोडगा निघाला.

तुमच्यापैकी कुणी असा माल मागवणार असाल तर पैसे देण्याआधी मापवार यादी मागा, कापड विणीचं की मागावरचं ते विचारा, आणि प्रत्येक मापापुढं नंबर लिहून घ्या. माल मोठा असेल तर आणणाऱ्याला आधीच लेखी निर्णय मागता येतो. मुंबईत त्यासाठी २०२१ पासून कस्टमचं अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे.

नणंदेनं अमेरिकेहून पोस्टानं एखादं जॅकेट धाडलं तर ही उस्तवार नाही. स्वतःच्या वापराच्या पार्सलाला ९८०४ हा वेगळाच नंबर आहे. मात्र डिसेंबर २०१९ पासून 'भेट आहे' म्हणून कर सुटत नाही. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढीच त्यातून वगळली आहेत.

वहिनींची जॅकेटं शेवटी संक्रांतीनंतर दुकानात आली. तोवर आमच्याकडची थंडी उतरायला लागली होती. ८० आणि ८६ ची बारशाच्या आहेरात खपली. ९२ आणि ९८ ची अठरा डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली आहेत. आणि भिशीचं त्यांनी परवा घरात सांगून टाकलं.