खिडकी कुठली? एफ!

मंडळी, विमानात कुठल्या बाजूला बसावं ह्यावर सल्ले द्यायला सगळे तयार असतात. दिल्लीहून काठमांडूला जाताना डावीकडे बसा, हिमालय दिसतो वगैरे वगैरे. पण मुंबई-हैदराबादचं विचारा, उत्तर ठरलेलं: "तिथे काय आहे बघायला? झोप काढ की!"

ह्या उत्तराचा मला मनापासून राग येतो.

नकाशावर मुंबई ते हैदराबाद सरळ रेघ ओढा. ती जवळजवळ तुळजापूरच्या डोक्यावरून जाते. विमान थोडंफार इकडेतिकडे जातं, पण आमचा धाराशिव जिल्हा खाली असतोच. आणि वर आमच्यासारखेच आयटीवाले पडदा ओढून घोरत असतात. त्यातले काही तर ह्याच जिल्ह्यातले!

तर सल्ला ऐका. जाताना उजवीकडची एफ, येताना डावीकडची ए. म्हणजे दोन्ही वेळा दक्षिण बाजू. पंखाजवळच्या रांगा टाळा, पावसाळाही टाळा. हिवाळ्यात ह्या बाजूला ऊन येतं, येऊ द्या. पाणी त्यानेच चमकतं.

टेकऑफनंतर पंचवीस-तीस मिनिटांनी उजनी दिसते. सोलापूर जिल्ह्यात भीमेवरचं ११७ टीएमसीचं धरण. धाराशिव शहराच्या नळाला ह्याच धरणातलं पाणी येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ह्याच धरणाचा उपयुक्त साठा शून्याखाली गेला होता. 'मृत साठा', 'उपसा', 'टीएमसी' हे शब्द पेपरात कितीही वाचा, डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. खिडकीतून पाच मिनिटांत उभं राहतं. आपलं पाणी किती लांबून येतं ते कळतं.

मग बालाघाटचं पठार. तांबूस, करडं. मधेच हिरवेगार चौकोन, बरेचसे उसाचे. शेततळ्यांचे निळे ठिपके. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात ऊस कोण लावतं? सरकार नाही, आपणच. वरून बघताना हा प्रश्न टाळता येत नाही. त्याच बाजूला पुढे नळदुर्ग. तिथे चारशे वर्षांपूर्वी बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. त्या लोकांना पाण्याची किंमत कळत होती.

कुणी म्हणेल, एवढ्या वरून बघून पाऊस पडणार आहे का? नाही पडणार. पण कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाच्या घोषणा वर्षानुवर्षं ऐकत आलेल्या माणसाला निदान हे तरी कळेल, की पाणी कुठून कुठे न्यायचंय आणि मधे किती जमीन आहे. प्रश्न विचारायला तेवढं पुरतं.

हिमालय सुंदर आहे, मान्य. त्याला बघणारे भरपूर आहेत. आमच्या जिल्ह्याकडे वरून तरी कुणीतरी बघा राव.

असो. विंडो सीटचे पैसे मोजलेच आहेत, तर पडदा उघडा ठेवा.