कळीचा मुद्दा : कळ किती ग्रॅमची असावी?

विद्यार्थी मित्रांनो, आजकाल कळफलक म्हणजेच कीबोर्ड ग्रॅमच्या हिशेबाने विकला जातो असे सांगितले, तर तुम्हांला आश्चर्य वाटेल. पण महागड्या कळफलकाच्या खोक्यावर नीट पाहा. 'लाल स्विच, ४५ ग्रॅम', 'काळा स्विच, ६० ग्रॅम' असे काहीतरी छापलेले आढळेल. हे वजन अख्ख्या कळफलकाचे नव्हे. एक कळ दाबून पडद्यावर अक्षर उमटवायला जो जोर लागतो, त्याचा हा आकडा आहे. संगणकावर खेळ खेळणारे विद्यार्थी हलकी कळ मागतात, कारण 'हलकी म्हणजे जलद' असे त्यांनी ऐकलेले असते. टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणारेही तेच विचारतात. असा कळफलक साध्या कळफलकाच्या कित्येक पट महाग पडतो. म्हणजे प्रश्न आईवडिलांच्या खिशाचा आहे आणि रोज राबणाऱ्या तुमच्या बोटांचाही आहे.

माझे मत स्पष्ट आहे. कळीचे वजन जाहिरात वाचून ठरवू नये. आपल्या बोटाचा भार मोजून आणि कळीकडून कोणते काम करून घ्यायचे ते पाहून ठरवावे. हे मोजमाप घरच्या घरी, जवळजवळ फुकटात करता येते.

प्रथम एककाचा घोळ निस्तरू. ग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, बलाचे नव्हे. '४५ ग्रॅमची कळ' याचा खरा अर्थ असा की, ४५ ग्रॅम वस्तुमानाला पृथ्वी जेवढ्या बलाने ओढते, तेवढे बल त्या कळीला लागते. ते बल सुमारे ०.४४ न्यूटन भरते. चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचांच्या माहितीपत्रकात हा आकडा सेंटिन्यूटनमध्ये देतात : लाल स्विच ४५, काळा ६०. एक सेंटिन्यूटन म्हणजे जवळजवळ एक ग्रॅमचा भार, म्हणून बाजारात सर्रास ग्रॅम म्हटले जाते.

आता दुसरी गोष्ट. या कळीच्या पोटात एक लहानशी स्प्रिंग असते, आणि स्प्रिंग जसजशी दाबावी तसतसा तिचा विरोध वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. लाल स्विचची कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते. त्यातील २ मिलिमीटरवर विद्युतमंडल जुळते आणि अक्षर उमटते. ४५ हा आकडा त्या एका बिंदूवरचा आहे. कळीवर बोट टेकताक्षणी किती विरोध होतो आणि अगदी तळाशी किती होतो, हे तो सांगत नाही. शाळेतल्या साध्या कळफलकात तर स्प्रिंगच नसते. कळीखाली रबराची छोटी घुमटी असते. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे पोट दाबून पाहा. आधी ती विरोध करते आणि मग एकदम खचते. रबरी घुमटीचेही तसेच. तिचा आलेख चढतो आणि मग घसरतो. तेव्हा दोन कळांचा आकडा सारखा असला, तरी बोटाला त्या सारख्या लागतीलच असे नाही.

हलकी कळ जलद असते का? हिशेबच करू. बोट सेकंदाला २०० मिलिमीटर वेगाने खाली येते असे धरा. २ मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटरवर जुळणारा स्विचही मिळतो. त्यामुळे ०.८ मिलिमीटर अंतर वाचले, म्हणजे ४ मिलिसेकंद वाचले. गंमत अशी की या स्विचचे वजनही ४५ च आहे. वेळ वाचला तो कमी खोलीमुळे. आता ४ मिलिसेकंदांची तुलना आपल्या प्रतिक्रियेशी करा. मित्राला उभी पट्टी सोडायला सांगून ती चिमटीत पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर हाती लागली, तर तुमच्या प्रतिक्रियेला ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद लागले. शिवाय सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा पडदा नवे चित्रच दर १७ मिलिसेकंदांनी दाखवतो. अव्वल स्पर्धक या ४ मिलिसेकंदांसाठीही धडपडतील आणि त्यांचे ते चूक नाही. पण तुमचा खेळ त्यापायी अडलेला असण्याचा संभव फार थोडा. एकच कळ भराभर दाबायची असेल, तर जड स्प्रिंग कळीला लवकर वर ढकलते, हेही विसरू नका.

मग हलकी कळ कमी दमवते का? समजा, हलक्या कळीचा विरोध वरपासून तळापर्यंत सरासरी ४५ सेंटिन्यूटन आहे आणि जड कळीचा ६०. ४ मिलिमीटर दाबायला पहिलीत १.८ मिलिजूल कार्य होते, दुसरीत २.४. मिनिटाला ४० शब्द आणि शब्दाला ५ ठोके धरले, तर तासाला १२,००० ठोके होतात. फरक पडतो एकूण ७.२ जूल. एक किलो साखरेची पिशवी जमिनीवरून टेबलावर ठेवायला साधारण एवढेच कार्य करावे लागते! एका तासाच्या श्रमात हा फरक नगण्य आहे.

तरीही बोटे दुखतात, ती का? येथे पाठ्यपुस्तकातले 'कार्य' आणि शरीराचे श्रम यांत फरक करावा लागतो. अनेक खेळांत पात्राला पुढे चालवायला डब्ल्यूची कळ मिनिटच्या मिनिटे दाबून धरावी लागते. कळ हलत नाही, म्हणजे विस्थापन शून्य आणि कार्यही शून्य. पण स्नायू ताणलेलाच राहतो व थकतो, जसा भरलेली बादली नुसती हातात धरून उभे राहिल्यावर हात भरून येतो. अशा खेळासाठी हलकी कळ घेण्यात अर्थ आहे, हे मी मान्य करतो.

टंकलेखनाचे काम वेगळे आहे. तेथे बोटे मधल्या ओळीवर विसावतात आणि ठोका मारून परत येतात. कळ फार हलकी असेल, तर विसावलेल्या बोटाच्या भारानेच ती दबते आणि नको ते अक्षर उमटते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत गतीइतकेच अचूकतेला महत्त्व असते. एक चूक पुसून अक्षर पुन्हा उमटवायचे म्हणजे आणखी दोन ठोके; वाचलेले मिलिसेकंद तेथेच खर्ची पडतात. फार जड कळ मात्र करंगळीवर अन्याय करते आणि मराठीत करंगळीला काम बरेच असते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'संस्था' हा दोन अक्षरांचा शब्द उमटवायला सहा कळा लागतात, शिवाय 'थ' साठी करंगळीने शिफ्ट धरावी लागते. ख, घ, छ, ठ यांनाही शिफ्ट हवीच.

आणखी एक कारण फार महत्त्वाचे आहे. टंकलेखन करणारे लोक कळीला गरजेच्या दुपटीपेक्षाही जास्त जोर लावतात, असे १९९० च्या दशकातील मोजमापांत दिसून आले. अक्षर उमटल्यावरही बोट थांबत नाही. ते तळावर जाऊन आपटते. तेव्हा ४५ ची कळ घेऊन ती हातोड्यासारखी ठोकण्यापेक्षा ६० ची कळ हळुवार दाबणे बोटांना सुखाचे. ही सवय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता प्रयोग. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. मनगट तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर टेकवा, एक बोट काट्यावर सैल ठेवा आणि आकडा लिहून घ्या. आठही बोटांचे आकडे घ्या. मग कळीच्या माथ्याहून लहान असा खोडरबराचा तुकडा वजन करून कळीवर ठेवा आणि त्यावर १० रुपयांची नाणी एकेक करून अलगद रचा. एक नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असते. सहा नाणी म्हणजे ४६ ग्रॅम, आठ म्हणजे ६२. ज्या नाण्याला अक्षर उमटेल, तेथवरचे वजन आणि खोडरबराचे वजन मिळून त्या कळीचा आकडा झाला. टंकलेखनासाठी हा आकडा बोटाच्या विसावलेल्या भारापेक्षा स्पष्टपणे जास्त हवा, पण करंगळीला जोर करावा लागेल इतका जास्त नको. तुमच्याजवळ आहे तो कळफलक या कसोटीला उतरला, तर नवा घेण्याची गरजच नाही.

शिक्षकांना एक विनंती. नववीच्या वर्गात बल, कार्य आणि ऊर्जा शिकवताना हा प्रयोग संगणक कक्षात अवश्य करून घ्या. जुन्या कळफलकावर सर्व कळांचे आकडे सारखे येतात की वेगवेगळे, हे मुलांना शोधू द्या. निकामी झालेल्या कळा कोणत्या आणि कोणता कळफलक बदलायला हवा, याचा लेखी पुरावाच शाळेला मिळेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कळ हलकी असो वा जड, मनगट सरळ ठेवा आणि अधूनमधून हात मोकळे करा. बोटे वारंवार दुखत असतील किंवा त्यांना मुंग्या येत असतील, तर दुकानदाराकडे न जाता डॉक्टरांकडे जा. खोक्यावरचा आकडा खरा असेलही. पण तो कळीविषयीचा आहे. तुमच्या बोटाविषयीचा आकडा तुम्हांलाच मोजावा लागेल.