तिकिटाचे उरलेले पैसे कोण भरतं?



सांगा पाहू, आगगाडीचं तिकीट काढलं म्हणजे प्रवासाचे सगळे पैसे भरले का? तुम्ही म्हणाल, "म्हणजे काय गुरुजी! तिकीट असलं की टी.सी. काही बोलतो का?" पण हिशेब तसा नाही बरं का. २०२४ साली रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की प्रवाशांना नेण्यासाठी १०० रुपये खर्च येतो तेव्हा तिकिटातून सरासरी ५४ रुपयेच मिळतात. मग उरलेले ४६ रुपये कोण भरतं?

मुख्यतः मालगाडी! रेल्वेच्या कमाईत कोळसा, सिमेंट, लोखंड, धान्य, खत अशा मालाच्या भाड्याचा वाटा जवळजवळ दोन तृतीयांश आहे. हे भाडं खर्चापेक्षा जास्त घेतात आणि त्या नफ्यातून प्रवाशांची तूट भरून काढतात. थोरला भाऊ कमावतो आणि धाकट्याची फी भरतो, तसंच हे.

पण थोरल्याच्या खिशात पैसे कुठून आले? सिमेंटचं भाडं वाढलं, की ते घर बांधणाऱ्याकडूनच वसूल होतं. आपल्या अणदूरला रेल्वे नाही, गाडी धरायला सोलापूर गाठावं लागतं. तरीही जन्मात कधी रेल्वेत न बसलेल्या इथल्या आजोबांनी घराचा स्लॅब टाकताना त्या ४६ रुपयांत आपला वाटा घातलेला असतो. आणखी एक गंमत. मालाचं भाडं फार चढलं, तर व्यापारी माल ट्रकमध्ये भरतो. आपल्या हायवेवर रात्रंदिवस ट्रक धावतात, त्याचं हेही एक कारण!

नवे रूळ टाकायचे तर मोठा पैसा लागतो. तो बराचसा सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे लोकांच्या करांतून येतो. ही रीत जुनीच आहे. १८४९ साली जी.आय.पी. या इंग्रज कंपनीशी करार झाला. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली. कमाई कमी पडली, तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा! त्या तिजोरीत शेतकऱ्याचा शेतसाराही होता. याच कंपनीची गाडी १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्याला धावली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. नफा झाला तर भागधारकांना, तोटा झाला तर रयतेला, असा तो सौदा होता. आज रेल्वे आपल्या सरकारची आहे. म्हणून हिशेब विचारायचा हक्कही आपला आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा नवा मार्ग सुमारे ८४ किलोमीटरचा. आपला खंडोबा जसा काही महिने अणदुरात आणि काही महिने नळदुर्गात, दोन्ही गावांचा, तसा हा खर्चही दोघांचा. निम्मा केंद्राचा, निम्मा महाराष्ट्र सरकारचा. सुरुवातीला अंदाज होता सुमारे ९०५ कोटी रुपयांचा. २०२५ साली तो सुमारे ३,३०० कोटींवर गेला. करा भागाकार! एका किलोमीटरला ३९ कोटींहून जास्त. काम लांबलं, की जमीन, पोलाद, मजुरी सगळंच महागतं. उशिराची किंमतही शेवटी आपणच मोजतो.

मग तिकीट महाग करावं का? भाडं दुप्पट झालं, तर सोलापूरहून पुण्याला कामासाठी जाणारा मजूर आणि शिकायला जाणारी ताई काय करतील? म्हणून स्वस्त तिकीट हवंच. पण वातानुकूलित डब्यात बसणाऱ्यालाही तेवढीच मदत मिळावी का? ज्या गावात गाडीच येत नाही, त्याने किती भार सोसावा? याचं उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं नाही. ते मोठ्यांनी चर्चा करून ठरवायचं असतं. उद्या ते मोठे तुम्हीच असाल!

या आठवड्याचा उद्योग : घरात आई-बाबांना विचारा, की गेल्या महिन्यात विकत घेतलेल्या कोणत्या वस्तू रेल्वेने आल्या असतील? पाच नावं वहीत लिहा. मग रेल्वेत न बसताही तुमच्या घराने रेल्वेला किती ठिकाणी हातभार लावला, ते तुमचं तुम्हांलाच कळेल.