आधी पैसे, गेम नंतर!

१० डिसेंबर २०२० रोजी 'सायबरपंक २०७७' रिलीज झाला, तेव्हा तब्बल ८० लाख प्री-ऑर्डर्स आधीच येऊन पडल्या होत्या. त्या एका वर्षात तारीख तीनदा पुढे ढकलली गेली होती आणि नाताळ तोंडावर होता. समीक्षकांना आधी खेळायला दिला तो फक्त पीसीवरचा गेम. पीएस फोर आणि एक्सबॉक्स वनवर तो किती अडखळतो, हे पैसे मोजून बसलेल्या पोरांनाच पहिल्यांदा कळलं. आठवडाभरात सोनीने गेम आपल्या स्टोअरवरून काढला आणि रिफंड सुरू केले.

'अरे, पण नंतर पॅच आले ना!' असं कट्ट्यावर कुणीतरी म्हणणारच. आले ना. सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटनंतर गेम खरंच भारी झाला. म्हणजे पावणेतीन वर्षांनी! ज्यांनी कंपनीवर सगळ्यात आधी भरवसा ठेवला, त्यांना सगळ्यात वाईट गेम मिळाला. जे थांबले, त्यांना चांगला मिळाला आणि तोही सेलमध्ये.

बग निदान दुरुस्त तरी होतात. मुद्दाम कंटाळवाण्या केलेल्या गेमचं काय करायचं? २०१७च्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू'मध्ये डार्थ व्हेडर अनलॉक करायला ६० हजार क्रेडिट्स ठेवले होते. गेमचे पूर्ण पैसे भरा आणि वर तासन्‌तास घासत बसा. घाई असेल, तर खऱ्या पैशांनी लूट बॉक्स घ्या, नशिबात असेल ते निघेल. खेळाडू इतके भडकले की 'ईए'ने किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली आणि रिलीजच्या तोंडावर पैसे घेणंच तात्पुरतं बंद केलं. पुढच्याच वर्षी बेल्जियमने असे लूट बॉक्स जुगारात मोडतात, असं ठरवलं.

कंपन्यांची बाजूही आहे. मोठा गेम करायला शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात, पगार दर महिन्याला द्यावे लागतात. धर्मादाय काम कुणीच करत नाही. पण 'बाल्डर्स गेट थ्री' बघा. लॅरियन स्टुडिओने २०२० मध्ये तो अर्धवट असतानाच विकायला काढला, पण अर्धवट आहे असं स्पष्ट सांगून. जवळपास तीन वर्षं खेळाडूंचं ऐकत तो पूर्ण केला, आत वेगळी दुकानदारी नाही, आणि २०२३चा 'गेम ऑफ द इयर' तोच ठरला. लॅरियन शेअर बाजारात नाही, त्यामुळे दर तिमाहीला गुंतवणूकदारांना आकडे दाखवायची घाई नव्हती. ईए आणि सायबरपंकवाली सीडी प्रोजेक्ट, दोन्ही तेव्हा शेअर बाजारात होत्या. फरक कुठून येतो, ते इथे दिसतं.

शेअर बाजार आपल्या हातात नाही, पॉकेटमनी आहे. डिजिटल गेमचा स्टॉक कधी संपत नाही, मग प्री-ऑर्डर कशासाठी? आठवडाभर थांबा. आपल्याकडे जे मशीन आहे, त्यावरचाच गेमप्ले बघा. स्टीमवर घेतलात, तर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून रिफंड मागता येतो, तो बिनधास्त मागा. अर्धवट गेम ट्रेलरच्या जोरावर खपतोय तोवर कोणतीही कंपनी तो पूर्ण करायला थांबणार नाही.